हूपर बॉल्डचें रानडुक्कर : एका कुलकथेची छाननी

दक्षिणेंतील जुने ताम्रपट ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस वराहाची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. चालुक्यांच्या राजमुद्रेवर तो आहे. होनास ‘वराह’ हें नांव त्याच्यावरूनच पडलें. आणि कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या मृगयेचा जसा विस्तारानें विचार आहे तसाच डुकराचें मांस कसें भाजावें याचाहि आहे. स्मृतिकारांनीं मात्र एका जनावराचीं दोन जनावरें केलीं. गांवांत उकिरड्यावर वाढणारा तो ‘विड्वराह’. त्यास मनूनें अभक्ष्यांच्या यादींत लसणाच्या व गांवकोंबड्याच्या पंक्तीस बसविलें. अरण्यांतील वराहाचें मांस मात्र श्राद्धास इतकें चालतें कीं त्यानें पितर दहा महिने तृप्त राहतात, असें तोच मनु सांगतो. गांवडुक्कर आणि रानडुक्कर हा भेद आपल्याकडे याप्रमाणें पोथींत पक्का झालेला आहे. परंतु गांवचें डुक्कर रानांत गेलें, दहापांच पिढ्या तेथेंच राहिलें, आणि पुढें खऱ्या रानडुकराशीं त्याचा संबंध येऊन प्रजा वाढली, तर त्या प्रजेस कोणत्या यादींत घालावयाचें, याचा निर्णय आमच्या ग्रंथांत शोधण्यांत अर्थ नाहीं. हा प्रश्न खरोखरीचा होऊन बसला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. आणि तेथें त्याचा निकाल लावण्यास जीं साधनें वापरावीं लागलीं, तीं आमच्या वाचकांच्या रोजच्या व्यवसायांतलीं असल्यामुळें हा विषय येथें मांडीत आहों.

अमेरिका खंडांत डुक्कर मूळचें नाहीं. ‘पेकरी’ म्हणून एक जनावर तेथें आहे, तें दिसावयास डुकरासारखें असलें तरी प्राणिशास्त्रांत त्याचें कुल निराळें आहे. तेव्हां संयुक्त संस्थानांच्या रानांत आज जें डुक्कर फिरत असेल त्याचा पूर्वज जहाजांत बसूनच आला, एवढें निर्विवाद. कोणत्या जहाजांतून आला, याविषयीं शिकारी लोकांत दोन कुलकथा प्रचलित आहेत. दक्षिणेकडील सखल प्रदेशांतील शिकारी आपल्या हडकुळ्या, उंच पाठीच्या डुकरास ‘रेझरबॅक’ म्हणजे वस्तऱ्यासारख्या पाठीचें म्हणतो, आणि तें स्पॅनिश सरदार हेर्नांदो द सोतो याच्या डुकरांच्या वंशांतलें असें सांगतो. नॉर्थ कॅरोलायना व टेनेसी या संस्थानांच्या सीमेवरील डोंगरी शिकाऱ्यास हें कमीपणाचें वाटतें. त्याच्या मतें त्याचें जनावर ‘रशियन’. तें उरल पर्वतांतून आलेलें असून गांवडुकराच्या विटाळापासून मुक्त आहे. पहिल्या कथेस जुने कागद भरपूर आहेत, परंतु ते सांगतात तें कथेहून थोडें. दुसरीस कागद थोडे आणि आठवणी पुष्कळ. दोहोंची छाननी केली असतां शुद्ध वंश कोठेंच उरत नाहीं. आणि ज्या शिकारीच्या हौसेनें ही शुद्धता गाइली, त्या हौसेनेंच संकर सर्वत्र पसरविला, असें दिसून येतें.

द सोतोची मोहीम इ. स. १५३९ च्या मे महिन्यांत क्यूबाहून निघून फ्लोरिडाच्या किनाऱ्यास लागली. डुकरें त्या मुलुखांत नवीं होतीं, परंतु नव्या जगांत नवीं नव्हतीं. कोलंबसानें १४९३ च्या दुसऱ्या सफरींत कॅनरी बेटांतून आठ डुकरें हिस्पानिओला बेटावर नेलीं, असें लास कासास लिहितो, व तेथून तीं इतर बेटांवर पसरलीं. द सोतोच्या मोहिमेचीं साधनें चार आहेत. एल्व्हास गांवच्या एका अनामिक पोर्तुगीज गृहस्थाचा वृत्तांत १५५७ सालीं एव्होरा येथें छापला गेला. बिएद्मा नांवाच्या राजाच्या कारकुनानें १५४४ सालीं आपला संक्षिप्त अहवाल सादर केला. सोतोचा खाजगी चिटणीस रांजेल याची रोजनिशी मूळ स्वरूपांत उरली नाहीं. ओव्हिएदोनें आपल्या मोठ्या इतिहासांत ती उतरून घेतली, आणि तो भाग छापून बाहेर पडावयास १८५१ साल उजाडावें लागलें. चौथें साधन म्हणजे गार्सिलासो द ला व्हेगा याचा ‘ला फ्लोरिदा’ हा १६०५ चा ग्रंथ. हा गृहस्थ मोहीम निघाली त्याच वर्षीं कुस्को येथें जन्मला. फ्लोरिडा त्यानें कधीं पाहिला नाहीं. एका म्हाताऱ्या शिपायाच्या तोंडून ऐकून त्यानें तो रसाळ ग्रंथ सजविला. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, ती ज्यांनीं वाचली आहे, त्यांस गार्सिलासोस कोणत्या फडताळांत ठेवावें हें सांगावयास नको. डुकरांच्या बाबतींत आम्हीं एल्व्हासकराचाच आधार घेतला आहे. कारण हा मनुष्य सोनें, लढाई व धर्म यांपेक्षां जेवणाकडे अधिक लक्ष ठेवून होता.

तो सांगतो कीं, गव्हर्नरानें फ्लोरिडांत तेरा डुकरिणी आणिल्या, आणि पुढच्या वर्षीं निर्जन अरण्यांतून जातांना लोकांची उपासमार होऊं लागली तेव्हां त्यांचीं तीनशें डुकरें झालेलीं होतीं. त्यांतून दरमाणशीं रोज अर्धा रत्तल मांस वाटण्यांत आलें. १५४१ च्या मार्च महिन्यांत चिकासा येथें तद्देशीयांनीं रात्रीं छावणीस आग लाविली, तींत चारशें डुकरें जळालीं व शंभर राहिलीं. मिसिसिपी नदीच्या कांठीं २१ मे १५४२ रोजीं सोतो वारल्यावर त्याच्या मिळकतीचा लिलांव झाला. दोन गुलाम, दोन दासी, तीन घोडे आणि सातशें डुकरें, एवढी मिळकत. सोन्याच्या शोधार्थ निघालेल्या एका सरदाराची ही इस्टेट वाचून हंसावें कीं कीव करावी हें समजत नाहीं. एकेक डुक्कर दोनशें क्रुझादोंस गेलें, तेंहि उधारीवर. मुलुखांत सोनेंरुपें सांपडेल किंवा जहागिरी वाटल्या जातील तेव्हां पैसे चुकते करावयाचे, या करारानें. त्या दिवसापासून बहुतेकांजवळ स्वतःचीं डुकरें झालीं, असें लेखक समाधानानें नमूद करितो.

यांतून काय निष्पन्न होतें? डुकरें आलीं, झपाट्यानें वाढलीं, आणि सैन्याबरोबर शेंकडों मैल हांकलीं गेलीं, एवढें खात्रीनें. कांहीं परक्या हातीं गेलीं, हेंहि खरें. चिकासा येथें मुख्य लोकांस डुकराचें मांस खाऊं घातल्यावर त्यांस त्याची इतकी गोडी लागली कीं रात्रीं येऊन ते डुकरें मारून नेऊं लागले. तिघे सांपडले, तेव्हां गव्हर्नरानें दोघांस बाणांनीं मारविलें आणि तिसऱ्याचे हात तोडून त्यास त्याच्या मुख्याकडे पाठविलें. परंतु चोरलेलें डुक्कर मारून खाल्लें जातें, त्याची प्रजा होत नाहीं. सोतोच्या कळपांतून सुटलेल्या डुकरांचा वंश आजवर अखंड चालत आला, असें म्हणावयास जो दुवा लागतो तो या साधनांत नाहीं. पुढच्या अडीचशें वर्षांत स्पॅनिश, फ्रेंच व इंग्रज वसाहतवाल्यांनीं जीं डुकरें आणून रानांत सोडिलीं त्यांची गणती एका कळपानें होण्यासारखी नाहीं. रेझरबॅक हें सोतोचें डुक्कर म्हणणें, हें दख्खनच्या प्रत्येक जुन्या विहिरीस अहल्याबाईंचें नांव देण्यासारखें आहे. कांहीं विहिरी त्यांच्याच असतात. परंतु त्यास निराळा पुरावा लागतो.

इंग्रज वसाहतींचा पुरावा मात्र वेगळ्या जातीचा, आणि आमच्या मतें अधिक मोलाचा. व्हर्जिनियांतील जेम्सटाउन येथें १६०७ सालीं वसाहत झाली. तेथें तीन डुकरिणींपासून अठरा महिन्यांत साठांवर पिल्लें झालीं, असें कॅप्टन जॉन स्मिथ लिहितो. डुकरें गोठ्यांत बांधून खाऊं घालण्याची तेथें चाल नव्हती. कुंपण घालावयाचें तें शेतास, जनावरास नव्हे. डुकरानें रानांत जावें, ओक व चेस्टनट या झाडांखालीं पडलेलीं फळें खाऊन माजावें, आणि हिंवाळ्याच्या तोंडीं मालकानें कुत्रे व बंदूक घेऊन त्यास शोधावें, हा शिरस्ता. म्हणजे पाळींव डुकराची सुगी हीसुद्धां एक शिकारच होती. मालकी ठरावयाची ती कानावरून. प्रत्येक कुटुंबाची कानाची खूण निराळी : कोणी उजव्या कानाचें टोंक छाटी, कोणी डाव्यास चीर पाडी, कोणी खालच्या कडेस खांच घेई, कोणी पाकोळीच्या शेंपटीसारखें दुबेळकें कापी. ही खूण सरकारी वहींत नोंदवावी लागे, व ती बापाकडून मुलाकडे येई. असल्या खुणांच्या वह्या तेथील दप्तरांतून आजहि राखून ठेविलेल्या आहेत. आपल्याकडे पाटीलकुलकर्ण्यांच्या महजरांतून मानपानाचा कज्जा जितक्या बारकाईनें नोंदलेला असतो तितक्याच बारकाईनें त्यांत डुकराचे कान नोंदलेले असतात. व्हर्जिनियाच्या १६७९ च्या कायद्यानें डुक्करचोराच्या दुसऱ्या गुन्ह्यास त्यास खोड्यांत उभा करून त्याचे स्वतःचे कान कापावे अशी शिक्षा ठेविली. न्यायशास्त्रांतील ही यमकजुळवणी ज्यानें केली त्याची विनोदबुद्धि मानली पाहिजे.

ज्या डुकराच्या कानास खूण नाहीं तें कोणाचें? तें रानांत जन्मलें, मालकाच्या हातीं लागलें नाहीं, आणि मोठें झालें. तें ज्याच्या कुत्र्यांस सांपडेल त्याचें. आमच्या विषयाचा उगम या बिनखुणेच्या कानांत आहे. पाळींव आणि रानटी यांच्यामध्यें भिंत नव्हती, फार तर एक मोडका दिंडी-दरवाजा होता, आणि जनावर त्यांतून दोन्ही दिशांनीं ये-जा करीत असे. खरें रानडुक्कर ज्या वेळीं या मुलुखांत आणिलें गेलें त्या वेळीं त्याची गांठ या डुकरांशीं पडावयाची होती.

तें आणिलें गेलें नॉर्थ कॅरोलायनांतील ग्रॅहम परगण्यांत, स्नोबर्ड डोंगरांतील हूपर बॉल्ड नांवाच्या शिखरावर. ‘बॉल्ड’ म्हणजे टक्कल. त्या भागांतील कांहीं उंच माथ्यांवर झाडें नसून नुसतें गवत असतें, त्यांस हें नांव देतात. १९०८ सालीं व्हायटिंग नांवाच्या इंग्रज भांडवलाच्या लांकूड कंपनीनें तेथील पुष्कळ जंगल खरेदी केलें. तिच्या भांडवलवाल्यांशीं ज्याचा व्यवहार होता अशा जॉर्ज गॉर्डन मूर या गृहस्थानें बड्या पाहुण्यांसाठीं डोंगरमाथ्यावर शिकारखाना उभारण्याचें मनावर घेतलें. सुमारें पांचसहाशें एकर जागेस चेस्टनटच्या चिरलेल्या वाशांचें नऊ वाशांइतकें उंच कुंपण घातलें, तो डुकरांचा वाडा. गव्यांसाठीं तारेचें कुंपण निराळें. मग १९१२ सालीं जनावरें आलीं. आठ गवे, चौदा एल्क, सहा हरणें, चौंतीस अस्वलें, दोनशें टर्की पक्षी, आणि उबविण्यासाठीं दहा हजार फेझंटचीं अंडीं. आणि त्यांत तेरा रानडुकरें. कोणी चौदा म्हणतात, व एक डुकरीण वाटेंत मेली असें सांगून दोन्ही आंकडे जुळवून घेतात. मर्फी या स्टेशनापर्यंत आगगाडीनें आणि तेथून डोंगर चढून बैलगाडीनें, अशी पिंजऱ्यांची ही यात्रा झाली.

डुकरिणी तेथेंहि तेरा आणि येथेंहि जनावरें तेराच, हें पाहून आम्हीं थोडे दचकलों, हें कबूल केलें पाहिजे. लोककथेंत आंकडे एकमेकांचे कपडे घालून फिरतात. परंतु एल्व्हासकराच्या पुस्तकाचें हूपर बॉल्डच्या डोंगरकऱ्यांशीं कांहीं दळणवळण असेल असें दिसत नाहीं, व या आंकड्याविषयीं तेथील आठवणींत एका जनावरापलीकडे फरक नाहीं. तेव्हां हा योगायोगच समजावा. शंका घ्यावयाची ती दुसऱ्या ठिकाणीं घेतली पाहिजे. हीं डुकरें कोठून आलीं? बर्लिनच्या एका दलालाकडून घेतलीं, आणि त्या दलालानें तीं रशियांतील उरल पर्वतांत धरलेलीं असें सांगितलें, अशी हकीकत आहे. म्हणजे ‘रशियन’ या शब्दाचा सारा आधार विकणाऱ्याच्या तोंडचा. जुन्या पोथ्या विकत घेणाऱ्या आमच्या वाचकांस पोथी विकणारा तिचें मूळ स्थान काय सांगतो व त्याची किंमत किती धरावी, याचा अनुभव आहे. शिवाय ही हकीकत लिहिली गेली ती फार उशिरां. स्टेगमन याचा निबंध १९३८ सालीं निघाला, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या वन्यप्राणिखात्यासाठीं पेरी जोन्स यानें केलेली पुस्तिका १९५९ ची. दोहोंचा पाया बव्हंशीं स्थानिक लोकांच्या आठवणींचा. जर्मनीहून रानडुकरें आणण्याचा परिपाठ त्यापूर्वींचा आहे. ऑस्टिन कॉर्बिन या धनिकानें १८९० च्या सुमारास न्यू हॅम्पशर संस्थानांतील आपल्या शिकारखान्यांत तीं आणिलीं होतीं. बर्लिनच्या दलालास जर्मन जंगलांतील डुक्कर उरलपेक्षां जवळ होतें, एवढेंच येथें सुचवून ठेवितों. ‘रशियन’ नांवास गिऱ्हाईक अधिक भाव देतें, हें तर उघडच आहे.

मूरच्या शिकारखान्याची पुढील कथा दुर्दैवी आहे. पाहुणे थोडे आले, मालकाचें लक्ष उडालें, आणि कारभार तेथल्या एका रखवालदारावर पडला. अस्वलें कुंपणावरून चढून गेलीं. टर्की लोकांनीं मारून खाल्ले. डुकरें मात्र वाड्यांत राहून वाढलीं. कांहीं वाशांखालून उकरून बाहेर पडत व पुनः आंत येत, असें सांगतात. १९२० नंतर लवकरच रखवालदारानें मित्रमंडळींस कुत्र्यांसह शिकारीस बोलाविलें. त्या वेळीं वाड्यांत साठ ते शंभर डुकरें असावीं. शिकार कसली, फजितीच झाली. दोन डुकरें पडलीं. निदान अर्धा डझन कुत्रे फाडले गेले. कित्येक शिकारी झाडांवर चढून बसले. गोंगाटानें बिथरलेल्या कळपानें मुसंडी मारून कुंपण फोडलें, आणि तो आसमंतांतील डोंगरांत पसरला. नॉर्थ कॅरोलायना-टेनेसीच्या रानांत रानडुकराचा प्रवेश झाला तो असा.

आपल्याकडे गोरे अंमलदार डुकरामागें घोडा घालून भाल्यानें शिकार करीत, व मुंबई इलाख्यांत त्यासाठीं लांब भाला वापरीत. दख्खनच्या माळरानावर तें जमलें. स्नोबर्डच्या कड्याकपाऱ्यांत घोडा निरुपयोगी. तेथें सारी भिस्त कुत्र्यांवर. माग काढून भुंकत जाणारे कुत्रे निराळे, आणि डुक्कर अडल्यावर कानास धरून लोंबकळणारे निराळे. प्लॉट नांवाच्या कुटुंबानें अस्वलांसाठीं वाढविलेली जात या कामीं लागली. तिचा मूळ पुरुष १७५० सालीं जर्मनीहून कुत्रे घेऊन आला, ही त्या घराण्याची परंपरागत कथा. १९८९ सालीं त्या संस्थानानें ही जात आपला राजश्वान म्हणून जाहीर केली. कुत्रा जर्मन आणि डुक्कर रशियन, असा मोठा थाटाचा सामना शिकाऱ्यांच्या शेकोटीभोंवतीं रंगूं लागला. त्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या चेस्टनट खात फिरणारें, कानास चीर असलेलें अथवा नसलेलें गांवडुक्कर या थाटांत कोणाच्या ध्यानीं राहिलें नाहीं.

परंतु डुकरिणींच्या तें ध्यानीं होतें. दोन्ही जनावरें शास्त्रदृष्ट्या एकाच जातीचीं आहेत. त्यांची संतति नांदती, फळती होते. यासंबंधीं एक सूक्ष्म पुरावा पुढें हातीं आला. पाळींव डुकराच्या पेशींत गुणसूत्रें ३८ असतात. पश्चिम युरोपांतील रानडुकरांत बहुधा दोन जोड्या एकमेकांस चिकटून गेल्यामुळें तीं ३६ भरतात. दोहोंच्या संकरास ३७ येतात. १९६६ सालीं टेनेसीच्या टेलिको भागांतील जनावरांची तपासणी प्रसिद्ध झाली तींत कांहींचीं ३६ निघालीं आणि कांहींचीं ३७. म्हणजे कुंपण मोडल्यापासून अर्धशतकाच्या आंतच विटाळ झालेला होता, व तो रक्तांत नोंदला गेला होता. या आंकड्यांतहि एक खोडी आहे, ती सांगितली पाहिजे. पूर्वेकडील पुष्कळ रानडुकरांत गुणसूत्रें ३८च असतात. त्यामुळें ३८ म्हणजे गांवडुक्कर असें सरसहा म्हणतां येत नाहीं. आणि संकरित जोडप्यांच्या पुढच्या पिढीस ३६ किंवा ३८ परत येऊं शकतात, तेव्हां ३६ म्हणजे शुद्ध असेंहि नव्हे. ३७ हा आंकडा मात्र तेथें खोटें बोलत नाहीं.

बाह्य लक्षणांची परीक्षा मेयर व ब्रिसबिन या द्वयानें केली व १९९१ सालीं ग्रंथरूपानें मांडली. त्यांनीं कवट्या मोजल्या, केंस तपासले, शेंपट्या पाहिल्या. रानडुकराच्या राठ केंसांचीं टोंकें फिकीं असतात, पिल्लांच्या अंगावर लांब पट्टे असतात, मुखाची रेषा सरळ असते. पाळींव वंशाच्या डुकरांत काळे, तांबडे, ठिपक्यांचे, पांढऱ्या पट्ट्याचे असे नाना रंग निघतात. संकरांत हीं लक्षणें वाटेल तशीं मिसळतात : पट्ट्यांचें पिल्लू मोठेपणीं ठिपक्यांचें निघतें, उंच खांद्याच्या नरास गांवडुकराची वांकडी शेंपटी असते. येथें आम्हांस भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. कै. सुकथनकर यांनीं १९३३ सालीं आदिपर्व प्रसिद्ध केलें तेव्हां त्यांस सर्वांत छळलें तें भ्रष्ट पोथ्यांनीं नव्हे, मिश्र पोथ्यांनीं. लेखकानें एक प्रत पुढें ठेवून लिहावें आणि दुसरींतून आवडेल तें समासांत घ्यावें. पुढच्या लेखकानें समास मजकुरांत ओढावा. मग ती पोथी उत्तरेची कीं दक्षिणेची हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कोणता श्लोक कोठला एवढेंच विचारतां येतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत साडेसहा हजारांहून अधिक अमेरिकन रानटी डुकरांच्या अनुवंशाची अशीच ओळवार तपासणी झाली. त्यांतलीं बहुतेक सर्व मिश्र निघालीं : जुन्या पाळींव जाती आणि युरोपीय रानडुक्कर यांच्या वेगवेगळ्या प्रमाणांतील मिश्रणें. रशियन कथा आणि सोतोची कथा दोन्ही एकाच जनावराच्या अंगांत येऊन बसल्या होत्या.

आतां हें मिश्रण दोन डोंगरांत न राहतां देशभर कसें गेलें? पायीं गेलें नाहीं. गाडींत बसून गेलें. पहिला मासला स्वतः मूरचाच. हूपर बॉल्ड सोडल्यावर त्यानें १९२५ च्या सुमारास आपल्या डुकरांचा वाण कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे परगण्यांत, कार्मेल खोऱ्यालगतच्या आपल्या रानांत नेऊन सोडिला. तेथें स्पॅनिश मिशनच्या काळापासून सुटलेलीं पाळींव डुकरें होतींच. त्यांच्याशीं तो वाण मिसळला. न्यू हॅम्पशरमधील कॉर्बिनचें कुंपण १९३८ च्या प्रचंड वादळांत पडलें, हा दैवी अपघात म्हणतां येईल. परंतु त्यानंतरचे बहुतेक अपघात मनुष्यकृत आहेत. रात्रीं गाडींत डुकरें भरून न्यावीं, दूरच्या रानांत सोडावीं, आणि दोनतीन वर्षांनीं तेथें शिकारीस जावें, हा धंदा पुष्कळांनीं केला. तो उघडकीस आला तो निरनिराळ्या संस्थानांत अचानक एकाच घडणीचीं डुकरें दिसूं लागल्यामुळें.

टेनेसीचें उदाहरण थोडें सविस्तर देण्यासारखें आहे. डुकरांचा उपद्रव वाढला म्हणून त्या संस्थानानें १९९९ सालीं त्यांची शिकार सर्व संस्थानभर, संख्येची मर्यादा न ठेवतां, खुली केली. तर्क सरळ होता : बंदुका वाढतील तर डुकरें घटतील. घडलें उलट. शिकार मोकळी झाल्याबरोबर ज्या परगण्यांत डुक्कर नव्हतें तेथील शिकाऱ्यांस तें आपल्या दारीं हवेंसें झालें, आणि तें तेथें प्रकट होऊं लागलें. पूर्वीं हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या परगण्यांत असलेलीं डुकरें बारा वर्षांत निम्म्याहून अधिक परगण्यांत पसरलीं. २०११ सालीं संस्थानानें डुकरास शिकारीच्या जनावरांतून काढून टाकलें. शेतकऱ्यानें आपल्या जमिनीवर त्याचा नायनाट करावा, परंतु कोणी हौसेनें त्याच्या मागें लागूं नये, असा नवा नियम झाला. मिझूरी संस्थानानें २०१६ सालीं आपल्या राखीव वनखात्याच्या जमिनीवर हाच मार्ग धरला. तेथें कळप पिंजऱ्यांत सबंध धरावयाचा असतो, आणि हौशी शिकारी एखाददुसरें मारून बाकीचीं चौफेर उधळतो, अशी खात्याची तक्रार होती. टेक्ससनें २०११ सालीं याच्या उलट टोंक गांठलें, आणि हेलिकॉप्टरांतून डुकरें मारण्याची परवानगी जमीनमालकांच्या संमतीनें शिकाऱ्यांसहि दिली. नुकसान तर खरोखरीच मोठें आहे : नांगरल्यासारखीं उकरलेलीं शेतें, गढूळ झालेले झरे, जमिनीवरच्या घरट्यांतील अंडीं. ग्रेट स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानांत हूपर बॉल्डचीं डुकरें १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिरलीं. तेथें १९५९ पासून त्यांस धरण्यामारण्याचें काम चालू झालें, आणि आजवर तेरा हजारांहून अधिक काढलीं गेलीं.

नॉर्थ कॅरोलायनानें या जनावराचा जो कायदा केला त्याकडे आमच्या वाचकांचें लक्ष शेवटीं वेधतों. १९७९ सालीं तेथील विधिमंडळानें रानडुकरास शिकारीच्या मानाच्या जनावरांत घातलें. तो मान पश्चिमेकडील सहा परगण्यांपुरताच राहिला : चेरोकी, क्ले, ग्रॅहम, जॅक्सन, मेकन आणि स्वेन. या सहांत फिरणारें डुक्कर कायद्यानें ‘वाइल्ड बोअर’, म्हणजे अरण्यवराह. त्याची शिकार हंगामांत, नियमानें. तेंच डुक्कर ओढा ओलांडून शेजारच्या परगण्यांत गेलें कीं सुटलेलें गांवडुक्कर. गुणसूत्रें मोजलीं, केंस पाहिले, कवट्या मापल्या, तरी शासनास दोहोंत रेषा काढण्यास परगण्याच्या हद्दीवांचून दुसरें कांहीं मिळालें नव्हतें. २०११ सालच्या कायद्यानें ती रेषा पुसली; संस्थानांत मोकळें फिरणारें प्रत्येक डुक्कर, मग त्याचे पूर्वज बर्लिनहून बैलगाडींतून आलेले असोत कीं कोणा शेतकऱ्याच्या आवारांतून निसटलेले असोत, एकाच नांवाखालीं आलें. ग्रॅहम परगण्यांतील शिकारी मात्र त्यास अजून ‘रशियन’च म्हणतात.